उसना रंग

पारूआक्का खंदारेने कराडात पस्तीस वर्षं बाळंतिणींना आणि तान्ह्या बाळांना न्हाऊ घातलं. बाळ पोटदुखीने रडतंय की नुसतंच किरकिरतंय, हे ती पोटावर हात ठेवून सांगायची. तिची मुलगी वनिता हे सगळं आईशेजारी बसून शिकली. तेल टाळूवर किती जिरवायचं, मान कशी तोलायची, कढत पाण्यात गार पाण्याचं विसण किती घालायचं, हे तिला कधी सांगावं लागलं नाही. "माझ्याहून हिचा हात मऊ आहे," असं पारूआक्का घरोघर सांगत फिरायची.

सव्विसाव्या वर्षी त्याच हातांवर कोड उठलं.

आधी बोटांच्या टोकांवर, पिठात बोटं बुडवल्यासारखं. मग कोपरांवर, गुडघ्यांवर, नडग्यांवर आणि शेवटी ओठांवर. नवऱ्याने तिला दोन वर्षांच्या ईश्वरीसकट माहेरी आणून सोडलं, "बरं वाटलं की फोन कर," म्हणाला आणि पुन्हा कधी फिरकला नाही.

एकदा पारूआक्काला ताप होता म्हणून वनिता तिच्या जागी एका घरी गेली. पाट मांडला होता, बाळाचं तेल कोमट करून ठेवलं होतं. बाळाच्या आजीने वनिताच्या हातांकडे पाहिलं. त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी हळूच दुपटं सारखं केलं आणि म्हणाल्या, "आज राहू दे गं. बाळाला जरा सर्दी वाटतीय. उद्या आक्काच येऊ देत." वनिता जिना उतरत होती तेव्हा वर पाट धुतल्याचा आवाज आला.

कोड म्हणजे महारोग नव्हे, ते स्पर्शाने लागत नाही, हे डॉक्टर सांगून सांगून थकले होते. लोक मान डोलवायचे आणि बाळ पदराखाली घ्यायचे. वनिताने मग एका रोपवाटिकेत काम धरलं. पिशव्यांत माती भरायची, रोपं लावायची. मातीने माखलेले हात कुणी निरखून बघत नाही. दहा वर्षं तिने ते काम केलं. पारूआक्का गेली, तेव्हा बाळांना न्हाऊ घालण्याची कला खंदाऱ्यांच्या घरातून गेली असंच सगळ्यांनी धरलं.

तेवढ्यात 'वर्णिका' आली.

वर्णिका म्हणजे त्वचा आतून नव्याने घडवणारी सुई. आधी ती कोडासाठी निघाली. मग वांग, मुरुमांचे खड्डे, भाजल्याचे व्रण, सुरकुत्या, सगळ्यांवर तिचे प्रकार निघाले. गावच्या दवाखान्यात कंपनीचं शिबिर लागलं तेव्हा छत्तीस वर्षांची वनिता पहिल्या रांगेत होती. तिथल्या डॉक्टर मृण्मयी वाळिंबे तरुण होत्या आणि त्यांना समजावून सांगायची हौस होती. त्यांनी कागदावर एक रेघ काढली आणि तिच्याभोवती दुसरी जाड रेघ ओढली.

"ही आतली रेघ म्हणजे मज्जातंतू. स्पर्श, ऊन-गार, दुखणं, सगळं याच्यातून मेंदूकडे जातं. विजेच्या तारेवर जसं आवरण असतं ना, तसं यावरही पेशींचं वेष्टण असतं. आता गंमत ऐका. आईच्या पोटात असताना या वेष्टणाच्या पेशी आणि कातडीला रंग देणाऱ्या पेशी एकाच घरच्या असतात. पुढे एकीने तार सांभाळली, दुसरीने रंग सांभाळला. तुमच्या हातातल्या रंगपेशी तुमच्याच शरीराने चुकून मारून टाकल्यात. पण त्यांच्या बहिणी खाली जिवंत आहेत. आम्ही सुईतून त्यांना एक निरोप धाडतो. त्या निरोपाने त्यातल्या काहींना आपलं लहानपण आठवतं. त्या तार सोडतात, वर सरकतात आणि रंग तयार करायला लागतात."

"आणि तार उघडी पडती का मग?" वनिताने विचारलं.

डॉक्टर मृण्मयी हसल्या. "चांगला प्रश्न. सगळ्या नाही जात, थोड्याच जातात. उरलेल्या वाटून घेतात. तीन वर्षं हजारो लोकांवर बघितलंय, काही झालं नाही."

त्या खोटं बोलत नव्हत्या. तीन वर्षं खरंच काही झालं नव्हतं.

सुया दुखल्या. पण दुसऱ्या महिन्यात नडगीवरच्या केसांच्या मुळाशी तपकिरी ठिपके उमटले. ठिपक्यांची बेटं झाली, बेटं एकमेकांना जाऊन मिळाली. सहाव्या महिन्यात वनिता आरशासमोर उभी राहिली आणि दोन्ही हात गालांवर ठेवून रडली, कारण हात कुठले आणि गाल कुठला हे रंगावरून सांगता येत नव्हतं. बारा वर्षांची ईश्वरी दारात उभी राहून बघत होती. "आई, आता तरी मोठ्या आरशात बघत जाशील ना?" ती म्हणाली.

पहिलं बाळ शेजारच्या गल्लीतलं होतं. तीन किलोचं, काळंभोर, रागीट. वनिताने पाय पसरून त्याला नडग्यांवर पालथं घेतलं आणि पाठीवरून तळवा फिरवला. दहा वर्षं हात कुठेतरी गहाण पडल्यासारखे होते, ते परत आले. बाळ दोन मिनिटांत शांत झालं. बाळाची आजी म्हणाली, "पारूआक्काच आली गं बाई!"

पुढच्या दहा वर्षांत वनितामावशीने किती बाळं न्हाणली याची गणती नव्हती. गर्भारपण कळलं की लोक आधी तिला फोन करायचे. बारशाला तिला पहिल्या रांगेत बसवायचे. तिच्या आयुष्यातली तीच वर्षं खरी, बाकीची नुसती गेलेली.

त्यातल्या सहाव्या वर्षी ईश्वरीच्या खालच्या ओठाच्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका दिसला. मग डाव्या पापणीवर. ईश्वरी अठरा वर्षांची होती, शिकत होती, मैत्रिणींत रमलेली होती.

"मला काही त्रास होत नाहीये गं त्याचा," ती म्हणाली. "असू दे की. आता कोण बघतंय एवढं?"

"कोण बघतंय ते मी बघितलंय," वनिता म्हणाली. "गुपचूप चल."

"आई, मला नकोय सुई. ओठाला?"

"एकदा दुखंल. जन्मभराचं दुखणं जाईल."

शिबिरात वनितानेच तिचं डोकं छातीशी घट्ट धरलं, म्हणजे ती हलणार नाही. चार महिन्यांत ठिपके गेले. पाच वर्षांनी ईश्वरीचं लग्न झालं, मुलगा साताऱ्याचा, तेजस, स्वभावाने साधा. सासरचं एकही माणूस काही बोललं नाही, कारण बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. वनिताला आपण केलं ते बरोबर केलं असं वाटत राहिलं.

हातांना पहिल्यांदा काय झालं ते वनिताला नेमकं सांगता आलं नसतं. एक दिवस भाकरी भाजून झाल्यावर बोटाच्या पेरावर फोड दिसला. कधी भाजलं ते आठवेना. मग पदराच्या गाठीतलं नाणं आणि ब्लाउजचं बटण यांतला फरक न बघता कळेना. सुईत दोरा ओवताना दोरा बोटांत आहे की सुटलाय हे डोळ्यांनी पाहावं लागे. वय झालं, तिने मनाला सांगितलं. चाळिशी कधीच उलटली होती. अंघोळीच्या पाण्याचा अंदाज हाताला येईना तशी ती कोपराने पाणी बघू लागली. कोपराला कळत होतं. त्यामुळे कुणाला सांगायची गरज पडली नाही. आणि सांगायचं तरी काय? हात बधिर झालेत म्हटल्यावर बाळ कोण देणार होतं? एकदा पाट धुतल्याचा आवाज तिने ऐकला होता.

कोपरांवरही कोड होतं आणि तिथेही सुई टोचली होती, ही गोष्ट तिच्या मनात आली नाही. नडग्यांचा तर विचारही आला नाही.

ईश्वरी बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली, रेवा. साडेतीन किलोची, दाट जावळाची. नातीला पहिली अंघोळ वनिताने घातली आणि पुढचे सव्वीस दिवस रोज घातली. ईश्वरी न्हाणीच्या दाराशी स्टुलावर बसून बघायची. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या घरी हे सगळं करणारी आई पहिल्यांदाच तिच्यासाठी ते करत होती.

सत्ताविसाव्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. छपरावरच्या सौरबंबात पाणी तापलं नव्हतं, म्हणून वनिताने पातेल्यात गरम करून बादलीत ओतलं आणि विसण घातलं. कोपर बुडवलं. कोमट वाटलं. म्हणजे काहीच वाटलं नाही, आणि तिच्या डोक्याने त्या काहीच नसण्याला कोमट धरलं.

डाळीचं पीठ लावून झालं होतं. रेवा नडग्यांवर पालथी होती. वनिताने तांब्या भरून तिच्या कमरेवर ओतला. रेवाने किंकाळी फोडली. बाळं अंघोळीत रडतातच, त्या रडण्याला वनिता कधी घाबरली नव्हती. तिने दुसरा तांब्या भरला.

"आई, वाफ येतीय," ईश्वरी म्हणाली.

"सकाळचा गारवा आहे गं..."

"आई! वाफ येतीय पाण्यातून!"

तोपर्यंत दुसरा तांब्या मांड्यांवर गेला होता. ईश्वरीने धाव घेतली, पोरीला उचललं आणि गार पाण्याची तोटी सोडली. रेवाच्या कमरेपासून पोटऱ्यांपर्यंतची कातडी लाल झाली होती आणि एके ठिकाणी साय सुटावी तशी सुटली होती. वनिता पाटावर पाय पसरून तशीच बसून राहिली. तिच्या स्वतःच्या नडग्यांवर टपोरे फोड उठत होते. ती त्यांच्याकडे बघत होती आणि तिला काहीही होत नव्हतं.

दवाखान्यात रेवाला आत नेलं. ईश्वरी आईकडे पाठ करून दाराशी उभी राहिली. तेजसची आई साताऱ्याहून आल्या, त्यांनी वनिताकडे पाहून एवढंच म्हटलं, "चाळीस दिवस तरी नीट सांभाळायचं होतंत." वनिता बाकावर बसून राहिली. संध्याकाळी डॉक्टर शिरीन नदाफ बाहेर आल्या. बाळ वाचेल, म्हणाल्या. व्रण राहतील. मग त्यांची नजर वनिताच्या पायांकडे गेली. फोड फुटून साडीला पाणी लागलं होतं.

"मावशी, हे कधी झालं?"

"त्याच वेळी."

"आणि सकाळपासून तुम्ही अशाच बसून आहात? दुखत नाहीये?"

वनिताने नकारार्थी मान हलवली. डॉक्टर शिरीन यांनी खिशातल्या पिनेने तिच्या तळव्यावर टोचलं. मग बोटावर, कोपरावर, नडगीवर. त्यांचा चेहरा बदलत गेला. बधिर कातडी म्हटल्यावर कुठल्याही डॉक्टरला जे आधी आठवतं तेच त्यांना आठवलं. त्यांनी महारोगाची तपासणी केली. जंतू सापडले नाहीत. मग त्यांनी कोपराजवळच्या कातडीचा बारीक तुकडा घेतला आणि तीन दिवसांनी वनिताला खोलीत बोलावून दार लावून घेतलं.

"तुम्ही वर्णिका घेतली होती?"

"बारा वर्षं झाली."

डॉक्टर शिरीन यांनी पडद्यावर चित्र दाखवलं. जिथे दोरखंडासारखा मज्जातंतू असायला हवा होता तिथे सुकलेल्या गवताची काडी होती. आजूबाजूला रंगपेशी भरपूर, टवटवीत.

"तारेच्या वेष्टणातल्या पेशी एकदा वर जायला लागल्या की थांबल्याच नाहीत," त्या म्हणाल्या. "हळूहळू, वर्षाला थोड्या थोड्या. बाकीच्यांनाही तोच निरोप पोचत राहिला. वेष्टण गेलं की तार काही वर्षं टिकते, मग वाळते. आणि मावशी, ही पेशींना लहानपण आठवून द्यायची युक्ती आपण कुणाकडून शिकलो माहितीये? महारोगाच्या जंतूकडून. तो वेष्टणात शिरून हेच करतो. औषधात जंतू नाही, एकही नाही. फक्त त्याचा निरोप आहे."

वनिताने पडद्यावरून नजर काढून आपले तळवे पाहिले. लोक जे म्हणायचे, आणि जे खोटं आहे असं ती जन्मभर सांगत आली, ते आता तिच्या हातात होतं. रंग मात्र अगदी सुरेख आला होता.

"परत येतं का?"

"नाही, मावशी. वाळलेली तार परत येत नाही."

माळावर एक जुनं कुष्ठधाम होतं. तिथे नवे रुग्ण येणं कधीच बंद झालं होतं. आठ-दहा म्हातारी माणसं उरली होती. बधिर हात-पाय घेऊन कसं जगायचं हे जिल्ह्यात आता त्यांनाच ठाऊक होतं. डॉक्टर शिरीन यांनी वनिताला तिकडे धाडलं. तिथे हिरामावशी भेटली, ऐंशीच्या पुढची, दोन्ही हातांची बोटं आत वळलेली, एक बोट नाहीच. तरुणपणी ती तिथली रोगी होती, मग तिथेच कामाला लागली आणि राहिली.

"ये, बस. डोळे मीट," हिरामावशी म्हणाली. तिच्याकडे काड्यांची पेटी होती. प्रत्येक काडीच्या टोकाला नायलॉनचा धागा, एक केसाएवढा बारीक, पुढचा त्याहून जाड. "मी धागा टेकवीन. लागला की हो म्हण."

वनिता डोळे मिटून बसली. बाहेर कुठेतरी कोंबडी ओरडत होती. तिने वाट बघितली. आणखी वाट बघितली.

"सुरू करा की, मावशी."

"पाची धागे झाले, बाई," हिरामावशी म्हणाली. "या महिन्यातली तू सातवी. सगळ्या नितळ कातडीच्या, सगळ्या सुईवाल्या."

मग तिने वनिताला शिकवलं. भांड्यांना लाकडी मुठी बसव. चुलीजवळ जायचं तर कापडी मोजे घाल. रोज ठरल्या वेळी उजेडात बसून हातापायांचा कोपरा न् कोपरा बघ, कुठे लालसर, कुठे कापलंय. चप्पल आतून झटकल्याशिवाय पायात घालू नकोस. "हे बोट मी हलगर्जीने घालवलं," ती हात पुढे करून म्हणाली. "बाकीची डोळ्यांनी राखलीत. हात सांगत न्हाईत, मग डोळ्याला विचारायचं. सवय होती. रडू येतं पहिल्यांदा, पण सवय होती."

"मी नातीला भाजलंय, मावशी."

हिरामावशीने आपला वळलेला हात वनिताच्या हातावर ठेवला. दोघींपैकी कुणालाच तो लागला नाही.

निघताना वनिताने एक गोष्ट मागून घेतली. सगळ्यांत बारीक धाग्याची काडी.

रेवाला दीड महिन्याने घरी आणलं. ईश्वरी साताऱ्याला न जाता माहेरीच थांबली, कारण पट्ट्या बदलायला कराडचाच दवाखाना लागे. आईशी ती कामापुरतं बोलायची. बाळाला हात लावू द्यायची नाही आणि वनिता लावायला जातही नव्हती. ती लांब बसून बघायची.

एका दुपारी रेवा झोपल्यावर वनिता ईश्वरीसमोर येऊन बसली. तिने सगळं सांगितलं. पडद्यावरची वाळकी काडी, तो निरोप, माळावरची हिरामावशी. ईश्वरी ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू ओसरला, पण त्याच्या जागी काय आलं ते वनिताला बघवेना.

"म्हणजे तुला खरंच कळलं नव्हतं," ईश्वरी म्हणाली. "मला वाटलं, तू घाईत होतीस. कुणाच्या तरी घरी जायचं होतं म्हणून."

"मला हात बधिर झालेत हे माहीत होतं, ईशू. दोन वर्षं माहीत होतं. लपवलं मी. तेवढा दोष माझाच आहे, तो औषधाचा नाही." वनिताने ती काडी काढली. "डोळे मीट."

"कशाला?"

"मीट. धागा टेकवते. लागला की सांग."

तिने आधी ईश्वरीच्या गालाला धागा टेकवला. "लागला," ईश्वरी म्हणाली. हनुवटीला. "लागला." मग वनिताने धागा खालच्या ओठाच्या कोपऱ्यात टेकवला आणि तो किंचित वाकेपर्यंत दाबला. ईश्वरी गप्प होती. वनिताने तो ओठाच्या मध्यावर नेला. मग डाव्या पापणीवर. खिडकीतून रिक्षाचा हॉर्न ऐकू आला, गेला.

"आई, लाव ना," ईश्वरी म्हणाली.

"लावलाय, बाळा."

ईश्वरीने डोळे उघडले. धागा अजून तिच्या पापणीवर होता. तिने हाताने ओठ चाचपला, दाताने चावला, पुन्हा चाचपला.

"मी रेवाची पापी घेते," ती म्हणाली, "तेव्हा मला काहीच वाटत नाही. ऊब नाही, मऊपणा नाही. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. आईची माया असते ती माझ्यात आलीच नाही. मी तेजसलाही बोलले नाही. दोन महिने मी रोज त्याच विचारात होते, की मी कसली आई."

वनिताला तिला जवळ घ्यायचं होतं, पण आपण किती घट्ट धरतोय हे आता तिला कळणार नव्हतं. तिने नुसता हात पुढे केला. ईश्वरीनेच तो ओढून घेतला.

"तुझं दहा वर्षांनी गेलं. माझं सहाच वर्षांत?"

"नंतरचं औषध जास्त जोराचं आहे म्हणाल्या डॉक्टर. लवकर रंग यावा म्हणून."

"मला नको होती सुई," ईश्वरी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. ती पुन्हा म्हणाली, "मला नको होती."

पुढच्या आठवड्यात तेजसची आई आल्या त्या एक पत्रक घेऊन. लहान मुलांच्या व्रणांसाठी वर्णिकेचा नवा प्रकार निघाला होता. सहा महिन्यांच्या आत दिला तर भाजल्याची खूणही राहत नाही, असं त्यात लिहिलं होतं.

"मांड्या, पोटऱ्या, सगळं असं सुरकुतलेलं," त्या म्हणाल्या. "आज लहान आहे. उद्या शाळेत जाईल, पोहायला जाईल, पुढे लग्न. मुलीच्या जातीला जन्मभर हे घेऊन फिरायचं का?"

ईश्वरीने त्यांना डॉक्टर शिरीन यांनी लिहून दिलेला तपासणीचा कागद दाखवला. त्यांनी तो वाचला, घडी घालून परत दिला. "कंपनी म्हणते, असं काही सिद्ध झालेलं नाही. आणि झालंच, तर ते तुमच्या हाता-ओठाला. पायाला थोडं कमी कळलं म्हणून काय बिघडतं?"

"पायाला कमी कळलं म्हणून माझी मुलगी भाजली, आई," ईश्वरी म्हणाली. "पाय माझ्या आईचे होते."

तेजस भिंतीला टेकून उभा होता. तो आईकडे बघेना आणि बायकोकडेही बघेना. शेवटी त्याने ते पत्रक उचललं, चार तुकडे केले आणि खिशात ठेवले. त्याची आई त्याच दिवशी साताऱ्याला परत गेल्या. पुढे त्या रेवाला बघायला आल्या नाहीत. तेजस दर शनिवारी एकटा यायचा, आणि दर शनिवारी थोडा उशिरा यायचा. मग एका शनिवारी त्याचा नुसता फोन आला.

रेवाला ईश्वरीच न्हाऊ घालू लागली. तिचे हात शाबूत होते. सुई तिथे कधी लागली नव्हती. वनिता दारात स्टुलावर बसून सांगायची, "मान धर. आता पालथी घे. विसण अजून अर्धा तांब्या." बादलीत तरंगणारा तापमापक ती डोळे फाडून वाचायची. भाजलेल्या जागी पाणी लागलं की रेवा पाय आखडून घ्यायची, कळवळायची. तिला कळत होतं. दोघी बायका त्या रडण्याकडे कान लावून बसायच्या.

वनिताने ज्या घरी बाळं न्हाणली होती त्या प्रत्येक घरी जाऊन तिने आपण आता हे काम करत नाही, असं सांगितलं आणि का ते सांगितलं. काही जणींनी चहा दिला. काही जणींनी लगेच आपल्या पोरांची अंगं तपासली, जणू दहा वर्षांपूर्वीच्या अंघोळीचं काही चिकटून राहिलं असेल.

पावसाळा संपल्यावर दवाखान्यात पुन्हा शिबिर लागलं. वनिता पहिल्या दिवसापासून फाटकाशी उभी राहिली. हातात डॉक्टर शिरीन यांच्या कागदाची नक्कल आणि ती काडी. येणाऱ्या प्रत्येकीला ती थांबवायची आणि सांगायची. फाटकावरच्या माणसाने तिला हटकलं, तेव्हा डॉक्टर मृण्मयी स्वतः बाहेर आल्या. आता त्यांच्या केसांत पांढरं दिसत होतं. "त्यांना बसायला खुर्ची दे," त्या म्हणाल्या आणि वनिताजवळ आल्या.

"मी पण घेतली होती, वांगासाठी," त्यांनी गालावर हात फिरवला. "परवा गालावर मुंगळा होता. नवऱ्याने काढला तेव्हा कळलं."

"मग बंद करा की, डॉक्टर."

"कंपनीला चार वेळा लिहिलं. त्यांनी संमतिपत्रात एक ओळ वाढवली. स्पर्श कमी होऊ शकतो म्हणून. मी ती प्रत्येकीला मोठ्याने वाचून दाखवते. अजून एकही जण उठून गेली नाही. मी नाही टोचली तर पलीकडच्या ब्युटी पार्लरमध्ये टोचतात, तिथे ओळही वाचत नाहीत." त्या आत गेल्या.

तिसऱ्या दिवशी एक मुलगी आली. एकोणीस-वीस वर्षांची, ओढणी नाकापर्यंत ओढलेली. वनिताने थांबवलं तशी तिने ओढणी खाली केली. ओठ पूर्ण पांढरे, डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं, बोटांची टोकं पांढरी. वनिताला क्षणभर आपलाच जुना फोटो बघितल्यासारखं वाटलं.

"नाव काय तुझं?"

"मेघना."

वनिताने तिला खुर्चीवर बसवलं, स्वतः जमिनीवर बसली आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. तिने आपल्या हातांवरचे भाजल्याचे, कापल्याचे वण दाखवले, अर्धं झिजलेलं करंगळीचं पेर दाखवलं. रेवाबद्दल सांगितलं. ईश्वरीच्या ओठांबद्दल सांगितलं. तिच्या डाव्या पापणीची उघडझाप आता नीट होत नाही, डोळ्यावर पांढरट पडदा येत चाललाय, तेही सांगितलं. मेघनाच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा वनिताला वाटलं, ही एक तरी परत जाईल.

"मावशी," मेघना शेवटी म्हणाली, "किती वर्षं चांगली जातात?"

"काय?"

"सुई घेतल्यापासून हात बधिर होईपर्यंत. मधली वर्षं."

"मला दहा मिळाली. आताच्या औषधाने कमी. पाच, फार तर सहा."

मेघनाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"तुमची ती दहा वर्षं कशी होती?"

वनिताने तोंड उघडलं. खोटं बोलायचं तिने ठरवलंही. पण तिच्या चेहऱ्यावर आधीच काहीतरी उमटून गेलं असावं, कारण मेघनाने मान डोलवली, तिच्या पायांना हात लावून नमस्कार केला आणि उठली.

"पाच पुष्कळ झाली, मावशी," ती म्हणाली आणि आत गेली.